सासूबाईंच्या मापाचे बूट

ट्रे हातातून सुटला, चहा जिन्यावर सांडला, कप पायरी पायरी आपटत खाली गेला आणि त्याच्यामागोमाग वहिनीही शेवटच्या चार पायऱ्या घसरत फरशीवर येऊन पडली... उजव्या गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले! पण त्या कळेतही तिने गुडघा धरला नाही, कमरेला हात लावला नाही. पायातून निसटलेला बूट आधी चाचपला, आणि तो हाताला लागेना तेव्हा उघडं पाऊल पोटाशी ओढून दोन्ही हातांनी झाकून घेतलं. कारण समोर कामाच्या बाकावरून मामंजी उठत होते. त्र्याऐंशी वर्षांचं वय, नजर अधू झालेली... तरी ते पाऊल त्यांना दिसू नये म्हणून तिचा जीव नुसता गोळा झाला होता.

लागलं का, असं त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं. काही नाही, पाय घसरला, असं ती म्हणाली. आणि ते बूट उचलून देईपर्यंत तिने पाऊल हलवलं नाही.

वहिनी म्हणजे या घरची थोरली सून. दिराने लहानपणी मारलेली हाक सगळ्या गल्लीने उचलली आणि तिचं खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं. घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, खाली कारखाना. कारखाना म्हणायचा आपला, एक लांब खोली, खिडकीखाली बाक, चामड्याचे तुकडे, खळीचा वास आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली कलबुतं. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी साचा, त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. मामंजींना सगळे 'उस्ताद' म्हणत आणि ते उगीच नव्हतं. त्यांच्या हातचे बूट घालून माणूस लग्नाला उभा राही आणि तेच बूट घालून पुढे नातवाला शाळेत पोचवायला जाई.

घराची एक रीत होती. घरच्या प्रत्येक माणसाचं कलबूत मामंजी स्वतः कोरत, त्यावर खडूने नातं लिहीत आणि वर्षाला दोन जोड शिवून देत, एक उन्हाळ्याआधी, एक थंडीआधी. बाजारचा बूट या घराचा उंबरठा ओलांडून कधी आत आला नाही.

एकतीस वर्षांपूर्वी वहिनी लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंना जाऊन तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत मामंजींनी आरीला हात लावला नव्हता. गिऱ्हाइकं बंद दार बघून परत जात होती. नऊ वर्षांचा धाकटा दीर बाकाखाली बसून राही आणि कोणाशी बोलत नसे. अशा त्या मुक्या घरात, ती आल्यानंतर आठव्या दिवशी सकाळी खालून हातोडीचा आवाज आला. तिचा नवरा जेवता जेवता थांबला, "बाबा बसले कामाला," एवढंच म्हणाला आणि भरल्या ताटावर रडायला लागला.

मामंजींनी नव्या सुनेसाठी जोड केला होता. पण तिचं कलबूत कोरलं नव्हतं. भिंतीवरचं सासूबाईंचं कलबूत उतरवून त्याच्यावरच चामडं ताणलं होतं. "घर बाईच्या पावलांनी चालतं," ते म्हणाले, "तिची थांबली. आता तुझी चालू देत." वहिनीने बूट पायात घातले... आणि तिला कळलं की आपलं पाऊल सासूबाईंपेक्षा चांगलं पेरभर लांब आहे आणि रुंदही आहे. बोटं मुडपून, अंगठा आत दाबून ते कसेबसे गेले. मामंजी बघत होते. नवरा दारात उभा होता. बाकाखालून दोन लहान डोळे बघत होते. अगदी बसले, असं ती म्हणाली.

दुसऱ्या जोडाच्या वेळी सांगू, असं तिने ठरवलं होतं. दुसऱ्या जोडाच्या वेळी मामंजींनी खास तिच्यासाठी मऊ अस्तर शोधून आणलं, म्हणून तिसऱ्याच्या वेळी सांगू असं ठरलं. तिसऱ्यानंतर ठरवणंही बंद पडलं. मामंजींनी कधी विचारलं नाही, कारण लाकडावर बसला तो पायावर बसतो, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम होता, आणि सुनेचा पाय त्या लाकडाहून वेगळा असेल ही शंकाच त्यांच्या मनाला कधी शिवली नाही. अख्ख्या शहराचे पाय ज्याने मापले त्याच्या घरात सुनेच्या पायाला कोणी दोरी लावली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

पायांनी आपलं काम चोख केलं. करंगळीवर कुरूप झालं, मग अंगठ्याशेजारी, मग तळव्याला. बोटं एकमेकांवर चढली. नखं जाड होऊन आत वळली, टाचांना भेगा पडल्या. ती ऐन उन्हाळ्यातही मोजे घाली. आणि गंमत म्हणा की दैवदुर्विलास म्हणा, बुटाचा तळ झिजला की तो बदलायला ही उस्तादांची सून चार गल्ल्या सोडून दुसऱ्याच कारागिराकडे गुपचूप जाई. मामंजींचा हात एकदा बुटाच्या आत गेला असता तर सगळं उघडं पडलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण सोसण्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. त्या बुटांनी मामंजी पुन्हा बाकावर बसले, घरात बोलणं आलं, बाकाखालचा मुलगा बाहेर आला. त्या मुलाला ती हसवायला म्हणून 'अहो छोटे' म्हणू लागली आणि ते तसंच राहिलं. ती त्याला अहो-जाहो करी आणि तो तिला एकेरी हाक मारी. येणारे-जाणारे बुचकळ्यात पडत. तिला स्वतःचं मूल झालं नाही. छोट्यांचा अभ्यास, छोट्यांचा ताप, छोट्यांची परीक्षा... तिची सारी माया त्या एका पोरावर लागली. बारा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा छोट्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून ती रडली होती.

आणि त्याच छोट्यांना तिने स्वतःच्या तोंडाने घराबाहेर घालवलं होतं... ते शल्य गुडघ्यापेक्षा खोल होतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. छोट्यांचं लग्न झालं. धाकटी जाऊ शहराच्या मोठ्या इस्पितळात, पायांच्या विभागात नर्स होती. रोग्यांची नखं कापणं, कुरूपं काढणं, जखमा जपणं हे तिचं काम. शेजारणी नाकं मुरडत, पण मामंजी खूश होते. पायांची कदर असलेली मुलगी म्हणत. रीतीप्रमाणे त्यांनी नव्या सुनेला जोड शिवला आणि पुन्हा तेच सासूबाईंचं कलबूत उतरवलं. धाकटीने तासभर बूट घातले, मग ते पुसून बाकावर ठेवले आणि सरळपणे म्हणाली, "मामंजी, हे मला चावतात. माझं माप घ्याल का?"

तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. पण मामंजींचा चेहरा राखेसारखा झाला. तीन दिवस ते बाकावर बसले नाहीत. पुन्हा ते बंद दार, पुन्हा ते मुके दिवस वहिनीच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. आणि त्या भीतीच्या भरात ती धाकटीला जे बोलली ते तिला आजही आठवलं की लाज वाटे. "मला नाही कधी चावले ते. याच लाकडावरचे घालते मी. पायांचे फाजील लाड चालत नाहीत या घरात." धाकटीने तिच्याकडे बघितलं, मग मोज्यांकडे बघितलं, आणि आपल्या कामाला लागली. महिन्याभरात दोघं नदीपलीकडच्या वस्तीत राहायला गेली. छोटे दर आठवड्याला वडिलांना भेटायला येत, खाली कारखान्यात बसत आणि जिना न चढता परत जात.

जिन्यावरून पडल्याचं कळलं तेव्हा मात्र ते धावत आले. सात वर्षांनी जिना चढले. वहिनीला हाताला धरून हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. वाटेत दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, जशा परक्यांशी मारतात.

डॉक्टरांनी फोटो काढला, गुडघा वाकवून बघितला, मग तिला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. ते गुडघ्याकडे बघतच नव्हते, खाली बघत होते. मग त्यांनी बुटांचे तळ उलटे करून पाहिले. बाहेरच्या कडा पार झिजलेल्या, आतल्या जवळजवळ नव्या. गुडघ्याची थोडी झीज आहे, ते म्हणाले, पण या झिजेला एवढं दुखायला नको. ही बाई पावलाच्या कडेवर चालते आहे आणि सगळा भार गुडघ्याच्या एकाच अंगावर येतो आहे. मांडीचे व्यायाम करा, पण आधी पाय दाखवा. त्यांनी पायांच्या विभागाची चिठ्ठी लिहिली. तिथे कोण असतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर छोट्यांनी मनातलं सांगितलं. दोन महिन्यांत गुडघा सुधारला नाही तर जिन्याच्या घरात राहणं बंद. तिने आणि मामंजींनी, दोघांनीही नदीपलीकडे यायचं आणि कारखान्याला कुलूप घालायचं.

वहिनीला आधी मामंजी आठवले. बाक सुटला तर मामंजी किती दिवस काढतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणजे पाय बरे करायलाच हवेत. आणि पाय बरे करायचे तर बूट सोडायला हवेत... आणि बूट सोडले तर मामंजींना कळणार की आपण प्रेमाने शिवलेल्या एकेका जोडाने या पोरीला अपंग करत आणलं. इकडे आड, तिकडे विहीर! परमेश्वरा, माझे गुडघे गेले तरी चालतील, पण त्या म्हाताऱ्या जिवाला हे कळू देऊ नकोस, असं ती रिक्षात बसल्या बसल्या मनात म्हणत होती.

पायांच्या विभागात दुपारी गर्दी नव्हती. पांढऱ्या पडद्यांमागे एक उंच खुर्ची, समोर कोमट पाण्याचं तसराळं आणि एक बुटकं स्टूल. स्टुलावर धाकटी बसली होती. सात वर्षांत तिच्या कानाजवळ दोन पांढरे केस आले होते. तिने चिठ्ठी वाचली, "बसा, वहिनी," म्हणाली आणि पुढे विचारपूस केली नाही. वहिनी खुर्चीत बसली, पण बुटाला हात लावीना. गुडघाच दुखतो, पायाला काही नाही, असं काहीबाही सांगत राहिली. धाकटीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले, मग एकेक मोजा उतरवला.

पाण्यात पाय सोडून धाकटीने दहा मिनिटं वाट पाहिली, मग एक पाय टॉवेलवर घेऊन पुसला, बोटाबोटांमधली जागासुद्धा कोरडी केली. बारीक पात्याने ती कुरुपावरचं मेलेलं कातडं थराथराने काढू लागली. कधीपासून दुखतं, जखम झाली होती का, साखरेचा त्रास आहे का, एवढंच विचारत होती. शेवटी मापाची पट्टी आणून तिने पाऊल त्यावर ठेवलं, आकडा बघितला, बुटाचा तळ पट्टीवर ठेवून तोही आकडा बघितला आणि तिचे हात थांबले.

"दीड नंबर लहान," ती म्हणाली. "वहिनी, तुम्हालाही चावत होते."

एकतीस वर्षं दातांत धरून ठेवलेलं काहीतरी त्या एका वाक्याने सुटलं. वहिनी रडायला लागली, अगदी लहान मुलासारखी, हुंदके देऊन...

"मी खोटं बोलले तुझ्याशी. माझी बोटं आतल्या आत मुडपलेली होती आणि वर तुला म्हटलं, पायांचे लाड करतेस. तू खरं बोललीस म्हणून तुला घर सोडावं लागलं."

"मला तेव्हाच शंका आली होती," धाकटी पाय हातात तसाच धरून म्हणाली. "भर उन्हाळ्यात तुम्ही जाड मोजे घालत होता. पण मला वाटलं, वहिनींना सांगायचं नाही तर आपण कोण विचारणारे? राग माझाही होता, वहिनी. एकदा विचारायला हवं होतं मी."

मग दोघी बराच वेळ रडल्या आणि मधेच धाकटीला हसू आलं, कारण बाहेरचा रोगी पडदा सरकवून विचारत होता की आत इतकं दुखतं का. वहिनीलाही हसू फुटलं. सात वर्षांची गाठ अशी ओल्या टॉवेलवर सुटली.

काम उरकताना धाकटीने तिला समजावून सांगितलं. गुडघा हा बिचारा मधला माणूस; वर कंबर, खाली पाऊल, आणि पाऊल वाकडं पडलं की शिक्षा त्याला. कुरूप टोचतं म्हणून आपण कडेवर चालतो, कडेवर चाललो की गुडघा रोज हजार वेळा पिळला जातो. झालेली झीज पायाच्या काळजीने भरून येत नाही, पण पिळणं थांबलं की दुखणं पुष्कळ उतरतं. नखं सरळ कापायची, गोल कोरायची नाहीत. रोज पाय धुऊन कोरडे करायचे, टाचेला मलम लावायचं, बोटांच्या मधे नाही. कुरूप घरी ब्लेडने कापायचं नाही. बोटांनी जमिनीवरचा रुमाल गोळा करायचा व्यायाम, रोज. आणि पुढे रुंद, टाचेला घट्ट असे बूट.

बुटांशी आल्यावर वहिनीने तिचे हात धरले. "मामंजींना सांगू नकोस. तुझ्या पाया पडते."

"मी नाही सांगणार. पण हे बूट पायात राहिले तर मी इथे रोज बसून काही होणार नाही."

वहिनीने यावर तोड काढली, आणि ती तिच्या स्वभावाला शोभेलशीच होती. धाकटीने दिलेले रुंद बूट ती पिशवीत ठेवी. कोपऱ्यावर वळलं की ते बदलून घाली आणि घरी परतताना पुन्हा सासूबाईंच्या मापात शिरे. पन्नाशी उलटलेली बाई शाळकरी पोरासारखी आडोशाला उभी राहून बूट बदलताना गल्लीतल्या दोघीतिघींनी पाहिली आणि त्यांनी आपापले तर्क लढवले. फरक मात्र तिला स्वतःलाच कळत होता. बाजारात अर्धा तास फिरलं तरी गुडघा कुरकुर करत नसे, आणि घरात दोन खेपा जिन्याच्या झाल्या की ठणके. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? पण मन मानेना.

तिसऱ्या आठवड्यात ती इस्पितळात गेली ती पिशवीतलेच बूट घालून. घरचा जोड तिने कोपऱ्यावर काढायच्या ऐवजी घाईत जिन्याखालीच काढून ठेवला होता. मामंजी अंग धुवायला वर गेले होते, त्यांना दिसणार नाही असा तिचा हिशेब. ती गेली आणि मामंजी खाली आले. एका बुटाची टाच एका अंगाला झिजलेली त्यांच्या बोटांना लागली. सूनबाई जिन्यावरून पडली ती यानेच, आपण लक्ष दिलं नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी टाच बदलायला बूट मांडीवर घेतला, आणि सवयीने हात आत घातला.

डोळे अधू असले तरी बोटं उस्तादाची होती. बुटाच्या आतल्या चामड्यावर माणसाच्या पाच बोटांचे खळगे उमटतात, ओळीने, आपापल्या जागी. इथे खळगे एकमेकांवर चढले होते. पुढचं टोक आतून खरवडून पातळ झालं होतं. कडेला, करंगळीच्या जागी, अस्तराला भोक होतं आणि त्याच्याभोवती वाळलेल्या रक्ताचा कडकपणा. दुसऱ्या बुटातही तेच. मामंजींनी ते बूट कागदात गुंडाळले, भिंतीवरचं कलबूत उतरवून पिशवीत टाकलं आणि दार लोटून काठी टेकत निघाले.

वहिनी पडद्याबाहेर आपल्या पाळीची वाट बघत बाकड्यावर बसली होती. जिन्यात काठीचा आवाज आला. तिने वर पाहिलं. पायांत बाजारचे बूट होते आणि समोर मामंजी उभे होते! पाय बाकड्याखाली ओढायचंही तिला सुचलं नाही.

ते तिच्याजवळ थांबले नाहीत. आधी पडदा सरकवून धाकटीपुढे जाऊन उभे राहिले. एवढा ताठ माणूस, पण मान खाली होती. "पोरी, तू सात वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. धंदा माझा आणि शहाणपण तुझं. मी ऐकलं नाही. माझ्यामुळे तुझं घर सुटलं."

धाकटीने त्यांना धरून खुर्चीत बसवायला पाहिलं. ते खुर्चीत बसेनात. बुटक्या स्टुलावर बसले आणि खुर्चीकडे बोट दाखवून वहिनीला म्हणाले, "बस. पाय दाखव."

"नको, मामंजी... तुम्ही वडीलधारे. तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा?"

"सासरा म्हणून नाही लावत. कारागीर म्हणून लावतो. हे एकतीस वर्षांपूर्वी करायचं होतं."

त्यांनी तिचं पाऊल हातात घेतलं. बोटांनी एकेक बोट चाचपलं, चढलेलं, वाकलेलं. अंगठ्याच्या मुळाशी वर आलेलं हाड, तळव्यावरचा घट्टा. मग दुसरा पाय. त्यांच्या पांढऱ्या दाढीतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. पिशवीतून कलबूत काढून त्यांनी तिच्या तळव्याशी लावलं. बोटं लाकडाच्या पुढे आली होती, पेरभर.

"का नाही बोललीस?"

"तुम्ही तीन महिन्यांनी हातोडी धरली होती," वहिनी कशीबशी म्हणाली. "नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा खाली ठेवली असती तुम्ही. छोटे बाकाखाली बसून होते. मला ते घर पुन्हा मुकं व्हायला नको होतं, मामंजी."

मामंजींनी डोळे मिटले. "एकतीस वर्षं मी माझ्या बायकोलाच बूट घालत होतो. तुला एकदाही घातले नाहीत. तू आलीस हेच मी बघितलं नाही, आणि माझं घर मात्र तू ओढत राहिलीस." त्यांनी कलबूत बाजूला ठेवलं. "मला माफ कर, पोरी."

त्या क्षणाची वहिनीला आयुष्यभर भीती वाटत आली होती. या शब्दांनी म्हातारा कोसळेल, असं तिला नेहमी वाटायचं. पण मामंजी कोसळले नाहीत. रडून झाल्यावर त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, दाढी सारखी केली आणि धाकटीला विचारलं की या पायाला पुढून किती रुंदी ठेवायची. धाकटीने कागदावर वहिनीची दोन्ही पावलं पेन्सिलीने गिरवून दिली, कुठे जागा हवी, कुठे आधार हवा, टाच किती घट्ट, तळाला काय मऊ घालायचं, सगळं सांगितलं. मामंजी मधे मधे हुं म्हणत होते आणि दोनदा त्यांनी तिच्याशी वादही घातला. कारागीर पुन्हा रंगात आला होता, आणि वहिनी खुर्चीत बसून एवढ्या मोठ्या भयाचं हे असं काय झालं म्हणून थक्क होऊन बघत होती. छातीवरून धोंड उतरल्यासारखं तिला वाटत होतं.

नवं कलबूत व्हायला तीन आठवडे लागले. मामंजींच्या नजरेला बारीक रेघ दिसेना, म्हणून सुट्टीच्या दिवशी छोटे येऊन लाकूड तासत आणि वडील बोटांनी चाचपून 'इथे अजून', 'इथे बास' असं सांगत. धाकटी पावलांचा तो कागद उलगडून बसे आणि दोघांना त्यांच्या चुका दाखवी. छोट्यांनी स्वतःच खडूने नातं लिहिलं. मामंजींनी 'सून' लिहायला सांगितलं होतं. पण छोट्यांनी 'वहिनी' लिहिलं. हे काय, असं मामंजींनी विचारलं तर म्हणाले, गल्लीला कळायला नको का?

तेवढ्या दिवसांत वहिनी उजळ माथ्याने रुंद बूट घालून घरभर फिरत होती. सकाळी बोटांनी रुमाल गोळा करी, संध्याकाळी पाय धुऊन टाचांना मलम लावी, खुर्चीत बसून पाय सरळ उचलण्याचा डॉक्टरांचा व्यायाम करी. दर पंधरा दिवसांनी धाकटीकडे जाई. गुडघा काही विशीतल्यासारखा झाला नाही. थंडीच्या सकाळी अजून आखडे आणि जिना उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकावे लागत. पण ती ठणक, ती कळ गेली. दोन महिन्यांनी हाडांच्या डॉक्टरांनी तिला पुन्हा चालायला लावलं तेव्हा पाऊल सरळ पडत होतं, आणि ऑपरेशनचं नाव आत्ता काढायला नको, असं ते म्हणाले. छोट्यांनी कुलपाचा विषय पुन्हा काढला नाही. उलट जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून दिला.

ज्या दिवशी जोड तयार झाला त्या दिवशी सगळे खाली कारखान्यात जमले होते. मामंजींनी बूट स्वतःच्या बाहीने पुसले, वहिनीला बाकासमोर बसवलं आणि दोन्ही बूट पायात चढवून नाड्या बांधल्या. ती उठली. खिडकीपर्यंत गेली, दारापर्यंत आली, पुन्हा खिडकीपर्यंत गेली. बोटं मोकळी होती... आयुष्यात पहिल्यांदा या घरच्या बुटात तिची बोटं एकमेकांना न चिकटता आपापल्या जागी होती! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजी मान वर करून तिच्या चालण्याचा आवाज ऐकत होते.

"कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

अगदी बसले, असं तिच्या ओठांवर आलं होतं. जिभेला तेवढंच वळण होतं. तिने छोट्यांकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, मग मामंजींच्या वाट बघणाऱ्या चेहऱ्याकडे. एक पाऊल टाकलं, थांबली.

"डावा करंगळीपाशी थोडा लागतोय, मामंजी."

मग मामंजींच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं तसं तिने एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला.

"काढ तो," ते म्हणाले, "आत्ता मोकळा करून देतो."

आणि वहिनी एका पायात बूट, एक पाय उघडा टाकून सगळ्यांसमोर निवांत बसून राहिली.